आरोग्यदायी सवयी लागतात कशा आणि टिकतात कशा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा शहरात दवाखाना चालवताना एक गोष्ट अनेकदा अनुभवास येते. रुग्ण तपासणी आटोपून, चिठ्ठी खिशात घालून दारापर्यंत जातो आणि तिथून वळून विचारतो, "ते चालायचं म्हणालात, पण जमवायचं कसं?" चिठ्ठी लिहायला दोन मिनिटे लागतात आणि या प्रश्नाचे उत्तर द्यायला वीस. बाहेर रांग असल्याने ते उत्तर बहुधा अर्धवटच राहते. ती अर्धवट राहिलेली उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत.

प्रश्न : सवय लागायला एकवीस दिवस पुरतात, हे खरे आहे का?

नाही. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर आरशात दिसणारा बदललेला चेहरा आपलाच आहे हे रुग्णाच्या मनाला पटायला किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे सांगोवांगीत 'किमान' हा शब्द गळला, चेहऱ्याचा संदर्भही गळला, आणि उरलेला एकवीस हा आकडा मात्र सगळ्या सवयींना चिकटला.

प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांनी ९६ जणांना प्रत्येकी एक नवी कृती निवडायला लावून बारा आठवडे त्यांच्याकडून रोजची नोंद घेतली. जेवताना पाणी पिणे, रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटे धावणे अशा या कृती होत्या. कृती विनासायास होऊ लागण्यास लागलेल्या काळाचा मध्यक, म्हणजे निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून अधिक काळ लागला तो आकडा, ६६ दिवस निघाला. मात्र कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला बराच अधिक काळ लागला. तेव्हा पाडव्याला सुरू केलेले चालणे वटपौर्णिमेच्या सुमारास सहज होऊ लागले, तर ते उशिरा झाले असे मुळीच समजू नये. तीन आठवड्यांनंतरही पहाटे गजर नकोसा वाटतो म्हणून 'आपल्यात ते नाहीच' असा निष्कर्ष काढून सोडून देणारे लोक या एकवीसच्या आकड्याचे बळी आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : सगळे कळते, पण वळत नाही. माझी इच्छाशक्तीच कमी आहे का?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर लांब आहे.

दिवसभर आपण जे काही करतो त्यातील बराच भाग विचार करून केलेला नसतो. मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली विद्यार्थ्यांकडून दर तासाला नोंदी लिहून घेतल्या, तेव्हा सुमारे ४३ टक्के कृती जवळजवळ रोज, त्याच ठिकाणी आणि मन भलतीकडेच असताना होत असल्याचे दिसले. त्यांच्याच सहभागाने झालेला दुसरा एक प्रयोग तर मजेशीर आहे. चित्रपटगृहात बसलेल्या काही लोकांना ताजे, तर काहींना आठवड्यापूर्वीचे शिळे, मऊ पडलेले पॉपकॉर्न देण्यात आले. ज्यांना चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खाण्याची पक्की सवय होती त्यांनी चव आवडली नाही असे सांगूनही ते ताज्याइतकेच खाल्ले. अशीच सवय असलेले दुसरे लोक साध्या बैठकीच्या खोलीत बसले, तेव्हा मात्र त्यांनी शिळ्याला फारसा हात लावला नाही. म्हणजे खाणे जिभेच्या हातात नव्हते. ते अंधाराच्या, खुर्चीच्या आणि पडद्याच्या हातात होते. आपल्याकडे संध्याकाळी दूरचित्रवाणीसमोर भडंगाचे पातेले रिकामे होते, तेव्हा नेमके हेच घडत असते.

यावरून निघणारी व्यवहाराची गोष्ट अशी की, मनाशी झुंज घेण्यापेक्षा मांडणी बदलणे सोपे पडते. भडंगाचा डबा फडताळाच्या वरच्या कप्प्यात गेला आणि भाजलेले फुटाणे टेबलावर आले, तर निर्धार तेवढाच राहूनही खाणे बदलते. चालण्याचे बूट कपाटात, पिशवीत आणि पिशवीला गाठ, अशा अवस्थेत असतील तर पहाटे साडेपाचला ती गाठ सोडण्याइतका निग्रह फार थोड्यांकडे असतो. तेच बूट मोजे आत घालून दाराशी ठेवले की निम्मे काम झालेले असते. मी स्वतः एकेकाळी व्यायामाची सायकल विकत घेऊन ती आतल्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवली होती. दोन महिन्यांत तिच्यावर टॉवेल वाळू लागले. सायकलीत काही दोष नव्हता आणि माझा निश्चयही खोटा नव्हता, परंतु त्या खोलीत मी दिवसातून एकदाही सहज जात नसे.

ज्यांची प्रकृती आणि वजन वर्षानुवर्षे बरे राहते असे लोक आपल्यापेक्षा अधिक निग्रही असतात, हा समज मला माझ्या अनुभवावरून खरा वाटत नाही. त्यांच्या दिवसात निग्रहाची गरज पडावी असे प्रसंगच थोडे येतात.

प्रश्न : मग सुरुवात नेमकी कशाने करावी?

एकाच गोष्टीने, आणि तीही लाज वाटावी इतक्या लहान प्रमाणात. उद्यापासून पहाटे उठणे, साखर बंद, रात्रीचा भात बंद, प्राणायाम आणि जिम, असा पाच कलमी कार्यक्रम जाहीर करणारी व्यक्ती पुढच्या महिन्यात दवाखान्यात आली की बहुधा नजर चुकवते.

निवडलेली गोष्ट आधीपासून रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधावी. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी 'अमुक घडले की मी तमुक करीन' अशा नेमक्या वाक्यांचा अभ्यास केला आहे. त्यांनी पास्कल शीरन यांच्यासह २००६ साली अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नुसत्या इच्छेपेक्षा अशा वाक्यांनी ठरवलेली कामे लक्षणीय प्रमाणात अधिक पार पडतात, असे आढळले. 'मी व्यायाम करणार आहे' हे वाक्य मोघम आहे. 'सकाळचा चहा संपवून कप विसळला की चपला घालून कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जाऊन येईन' या वाक्यात वेळ आहे, जागा आहे, आणि मुख्य म्हणजे विसरायला वाव नाही, कारण कप तर रोज विसळायचाच असतो.

अडचणींसाठीही असेच वाक्य आधी तयार ठेवावे. पाहुणचाराच्या चहाचा प्रश्न आपल्याकडे फार नाजूक आहे. चार घरी गेले की चार कप होतात आणि नाही म्हटले तर यजमान रुसतात. प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली तर चार कपांत तीस-पस्तीस ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारणपणे पन्नास ग्रॅमच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवता आल्यास अधिक चांगले. म्हणून उंबरठा ओलांडतानाच, 'वहिनी, माझा अर्धा कप, बिनसाखरेचा' हे वाक्य बोलून टाकावे. कप समोर आल्यावर नकार देणे अवघड असते. आधण ठेवण्यापूर्वी सांगणे सोपे असते.

प्रश्न : रोज दहा हजार पावले चालणे आवश्यक आहे का?

दहा हजार हा आकडा वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. टोकियोच्या १९६४ सालच्या ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये जपानमध्ये एक पाऊलमापक यंत्र बाजारात आले. त्याच्या जपानी नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचे मापक' असा होता. अमेरिकेतील वयस्क स्त्रियांवरील, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले, आणि साधारण ७,५०० पावलांनंतर हा लाभ आणखी वाढताना दिसला नाही. तरुणांचे गणित वेगळे असू शकते, परंतु दहा हजार होत नाहीत म्हणून चार हजारही सोडून देणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मिनिटांत आहे : प्रौढांनी आठवड्याला मध्यम गतीच्या हालचालीची १५० ते ३०० मिनिटे आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. मध्यम गती म्हणजे चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही अशी गती.

साताऱ्यात राहणाऱ्यांना जागेची तक्रार करता येणार नाही. अजिंक्यताऱ्याचा रस्ता, चार भिंतींची चढण, खिंडीतल्या गणपतीवरून कुरणेश्वराकडे जाणारी वाट, या सगळ्या पहाटे माणसांनी गजबजलेल्या असतात. मात्र ही गर्दी जूनच्या मध्यावर निम्मी होते, कारण येथील पाऊस. चार महिन्यांच्या पावसाचा विचार न करता ठरवलेला साताऱ्यातला कोणताही चालण्याचा नेम अर्ध्या वर्षाचाच असतो. म्हणून मे महिन्यातच पावसाळ्याचा पर्याय ठरवून ठेवावा : पाऊस असेल तर घरातच बारा सूर्यनमस्कार, किंवा इमारतीचा जिना पाच वेळा.

सूर्यनमस्काराचा विषय निघालाच आहे तर सांगितले पाहिजे की, याच जिल्ह्यातील औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संस्थानातील शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले, स्वतः नित्यनेमाने घातले आणि त्यावर पुस्तकेही लिहिली. त्यांच्या योजनेचे मर्म मला असे वाटते की, व्यायाम मुलांच्या मर्जीवर न सोडता तो शाळेच्या दिवसाचाच एक भाग झाला. आपल्या घराच्या दिनक्रमात व्यायामाला असे ठरलेले स्थान किती जणांनी दिले आहे?

प्रश्न : मी दिवसभर शेतात राबतो. मला वेगळा व्यायाम कशाला हवा?

कामातली हालचाल ही हालचालच असते, आणि शिफारशींमध्येही ती धरली जाते. खुरपणी, उसाची भरणी, भारा वाहणे या कामांत घाम गाळणाऱ्याला आणखी चालायला सांगणे अन्यायाचे होईल. पण प्रामाणिकपणे हिशेब मांडावा. नांगरट ट्रॅक्टरने, रानात जाणे दुचाकीने, ऊसतोड टोळीकडून आणि पाणी ठिबकने असेल, तर शेतकरी म्हणून आपण वडिलांइतकेच राबतो हा समज तपासून पाहावा लागतो. आहार मात्र बहुतेकदा वडिलांच्या काळाच्या कष्टाचाच राहिलेला असतो. दुचाकी बांधावर न नेता रस्त्याला लावून पुढे चालत जाणे, एवढा बदलही अशांसाठी पुरेशी सुरुवात ठरतो.

प्रश्न : जेवणात काय बदलावे? भाकरी सोडून ओट्स खावेत का?

भाकरी सोडण्याचे काहीही कारण नाही. शाळूची किंवा बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, कोरेगावचा वाघ्या घेवडा, माण-खटावकडचे हुलग्याचे माडगे, मेथी-पोकळ्याची भाजी आणि ताक, हे जेवण कोणत्याही आहारतज्ज्ञाला दाखवावे असे आहे. अडचण भाकरीसोबत येणाऱ्या गोष्टींची आहे. महामार्गावरच्या ढाब्यातला अख्खा मसूर हे त्याचे उत्तम उदाहरण होय : मसूर उत्कृष्ट, पण वर बोटभर तेल. तोच मसूर घरी दोन चमचे तेलाच्या फोडणीत केला, तर त्यात नाव ठेवायला जागा राहत नाही.

मिठाकडे मात्र आपले साफ दुर्लक्ष होते. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, ही मर्यादा आहे, आणि तीत भाजीतले, भाकरीच्या पिठातले, लोणचे, पापड, शेंगदाण्याची चटणी, खर्डा आणि फरसाण या सगळ्यांतले मीठ मोजायचे असते. ताटातले मीठ एकदम कमी केले तर घरातला प्रत्येक जण ओरडतो. दर पंधरवड्याला चिमूटभर कमी केले तर जीभ काही आठवड्यांत रुळते आणि मग पूर्वीचीच आमटी खारट लागते.

कंदी पेढ्यांबद्दल विचारतात म्हणून लिहितो : साताऱ्यात राहून पेढा वर्ज्य करणे मी कोणालाही सांगत नाही. पाव किलोचा खोका घरी आणण्याऐवजी प्रसंगी एक पेढा दुकानातच खाऊन घरी यावे. मधुमेहींनी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

प्रश्न : घरातल्या सहा माणसांचा स्वयंपाक मीच करते. माझ्यासाठी वेगळे कसे करू?

करू नये, असेच माझे उत्तर आहे. रक्तदाब सुनेला, मधुमेह सासूबाईंना, आणि पथ्याचे दोन वेगळे स्वयंपाक एकाच बाईने करायचे, ही व्यवस्था कोणत्याही घरात महिन्यापलीकडे टिकताना मी पाहिलेली नाही. त्यात पथ्य ज्याचे त्याला ते शिक्षेसारखे वाटते. त्याऐवजी पातेले सर्वांसाठी हळूहळू बदलावे. तेलाच्या डब्यावर तो फोडल्याची तारीख लिहावी आणि किती दिवस पुरतो ते पाहावे. सहा माणसांना महिन्याला सहा लिटर लागत असेल तर माणशी दिवसाला तेहतीस मिलिलिटरच्या आसपास होते. पुढचे सहा लिटर पस्तीस दिवस, त्यापुढचे चाळीस दिवस पुरवायचे, एवढेच उद्दिष्ट ठेवावे. घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता जे पुरुष हे वाचत आहेत त्यांच्यासाठी. आहार बदलण्याचा सल्ला मी बहुतेक वेळा पुरुष रुग्णाला देतो आणि तो अमलात आणण्याचे काम न विचारता त्याच्या पत्नीवर पडते. माझ्यासमोर तो मान डोलावतो, घरी जाऊन "डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलंय" एवढे बोलतो आणि भाजी बेचव झाली की ताट सरकवतो. बाजारातून फरसाण आणणारा हात आणि आठवड्याची भाजी आणणारा हात आपलाच असतो, याचा विचार त्याने करावा. स्वयंपाक करणारीला तपासणीच्या वेळी सोबत आणा, असे मी आता आग्रहाने सांगतो. तिचाही रक्तदाब त्याच वेळी मोजला जातो, आणि कित्येकदा तिचाच अधिक निघतो.

प्रश्न : सणवार, लग्नसराई आणि गावची जत्रा यांत सगळे बिघडते. काय करावे?

जत्रेच्या दिवशी मटण खावे. बिघडते ते जत्रेच्या दिवशी नव्हे, पुढच्या आठ दिवसांत, उरलेले संपवताना आणि 'आता बिघडलेच आहे' म्हणताना.

प्रश्न : मध्येच खंड पडला की पुन्हा सुरू होत नाही. यावर उपाय आहे का?

लॅली यांच्या ज्या अभ्यासाचा उल्लेख वर केला आहे, त्यातच एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्याच्या प्रक्रियेला विशेष बाधा येत नसल्याचे दिसले होते. म्हणजे नुकसान चुकलेल्या दिवसाने होत नाही. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम केलेले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी एका चुकीनंतर मनात उठणाऱ्या वादळाचे वर्णन केले आहे : नियम मोडला, म्हणजे आपण दुबळे, म्हणजे आता पाळून उपयोग काय, अशी साखळी तयार होते आणि एका घसरणीचे रूपांतर पूर्ण माघारीत होते. ही साखळी पहिल्याच कडीशी तोडायची असते. त्यासाठी मी एक साधा नियम सांगतो : एक दिवस चुकला तर चालेल, लागोपाठ दोन चुकवायचे नाहीत. आणि परत येताना पूर्वीच्या पंचेचाळीस मिनिटांवर उडी न मारता दहा मिनिटांपासून यावे.

मोठा खंड पडण्याची कारणे बहुधा ठरलेली असतात : आजारपण, बदली, घरातले कार्य, उसाचा गळीत हंगाम, मुलांच्या परीक्षा. सवय ज्या खुंटीला टांगलेली होती ती खुंटीच अशा वेळी निघालेली असते. सकाळच्या शाळेची वेळ दुपारची झाली की शिक्षकाचे पहाटेचे चालणे बंद पडते, आणि तो स्वतःला आळशी म्हणू लागतो. त्याने नवी खुंटी शोधली की पुरते. उलट, असे बदल हे नव्या सवयीसाठी चांगला मुहूर्तही असतात. नव्या घरात चहाचे दुकान कोठे आहे हे पाय अजून शिकलेले नसतात.

प्रश्न : तंबाखू आणि मिसरी का सुटत नाही?

कारण येथे सवयीच्या जोडीला निकोटीनचे शारीरिक व्यसन असते. सोडल्यानंतर चिडचिड, अस्वस्थता आणि तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरत जाते. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते, हे ठाऊक असले तर ती काढता येते. निकोटीनची गोळी, च्युइंगम आणि इतर औषधे उपलब्ध आहेत, त्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. तंबाखू सोडण्यासाठी मदत करणारी १८००-११२-३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवाही आहे.

मिसरीविषयी थोडे वेगळे लिहावे लागते. दात घासण्याच्या निमित्ताने भाजलेली तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया ती व्यसन मानतच नाहीत, त्यामुळे 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला त्या प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात. पोट साफ होण्यासाठी मिसरी लागते असे ज्यांना वाटते त्यांनी सकाळी कोमट पाणी आणि जेवणात पालेभाजी वाढवून, मिसरीऐवजी साधे दंतमंजन वापरावे आणि दिवसातील वेळा एकेक करून कमी कराव्यात.

दारूबाबत एक धोक्याची सूचना : जे रोज मोठ्या प्रमाणात पितात त्यांनी स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नये. हात थरथरणे, भ्रम होणे आणि झटके येणे असा गंभीर त्रास होऊ शकतो, म्हणून ते वैद्यकीय देखरेखीखालीच करावे.

प्रश्न : तीन महिने झाले, वजन तसूभरही हलले नाही. मग हे सगळे कशासाठी?

भारतात झालेल्या एका महत्त्वाच्या चाचणीचे उत्तर येथे देता येते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात रक्तातील साखर सीमारेषेवर असलेल्या ५३१ लोकांचा सुमारे तीन वर्षे पाठपुरावा झाला आणि निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. केवळ नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. चालणे आणि आहार यांबाबत सतत मार्गदर्शन मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. लक्षात घेण्याजोगी बाब ही की, त्या गटाचे वजन फारसे उतरलेले नव्हते. शरीरात चांगले बदल होत असतात आणि वजनकाटा मात्र जागचा हलत नाही, असे घडू शकते.

म्हणून महिन्याकाठी काट्यावर उभे राहण्यापेक्षा केलेल्या कामाची नोंद ठेवावी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चाललेल्या दिवशी गोल करावा. मोबाइलमधील ॲप आणि मनगटावरचे घड्याळ हेच काम करतात, फक्त त्यांचे आकडे पाहण्याचा कंटाळा लवकर येतो. गोल केलेली दिनदर्शिका स्वयंपाकघरात असते, त्यामुळे नातवंडे विचारतात, "आजोबा, काल गोल का नाही?"

प्रश्न : झोपेचा याच्याशी काय संबंध?

अपुऱ्या झोपेनंतर भूक वाढते, गोडाची ओढ वाढते आणि पहाटेचा निश्चय विरतो. प्रौढांना साधारण सात तास झोप हवी. शेतीपंपाची वीज रात्रीची असेल तेव्हा शेतकऱ्याला हा सल्ला देणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे, हे मी जाणतो. अशा पाळीत दुपारी तासभर अंधाऱ्या खोलीत झोपावे आणि त्या आठवड्यात नवी कोणतीही सवय सुरू करू नये. ज्यांची रात्र मोबाइलमुळे जाते त्यांच्यासाठी मात्र सबब नाही : चार्जर बाहेरच्या खोलीत न्यावा.

प्रश्न : व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना केव्हा भेटावे?

चालताना छातीत दाटणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणे, घेरी येणे, थोड्या श्रमाने धाप लागणे यांपैकी काहीही होत असेल तर आधी तपासणी, मग चढण. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर आणि गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे असल्याने त्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे आणि औषधाची मात्रा डॉक्टरांकडून पाहून घ्यावी. मधुमेहींनी अनवाणी चालू नये. गुडघे दुखणाऱ्यांनी अजिंक्यताऱ्याचा उतार टाळून सपाट रस्ता धरावा, कारण गुडघ्यावर चढणीपेक्षा उतारावर अधिक ताण येतो.

प्रश्न : एकट्याने होत नाही. आमच्या गल्लीत गट सुरू करायचा आहे, कसा करावा?

दरवर्षी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा मुक्काम करीत या जिल्ह्यातून जाते. साठी ओलांडलेल्या, एरवी बाजारापर्यंत चालायला कुरकुरणाऱ्या कितीतरी आया-बहिणी तिच्यासोबत रोज पंधरा-वीस किलोमीटर चालतात. भक्ती तर आहेच, परंतु एक वैद्य म्हणून मला दिंडीची मांडणीही दिसते : निघण्याची वेळ ठरलेली, मुक्काम ठरलेला, आपली दिंडी ठरलेली, आणि मागे राहिलेल्याची चौकशी करणारे कोणीतरी आहेच. घरी परतल्यावर हे सारे नाहीसे होते आणि चालणेही थांबते.

गल्लीतल्या गटात हेच आणावे. चार ते सहा माणसे पुरेत. वीस जणांच्या गटात न आलेला लक्षात येत नाही. निघण्याची जागा म्हणून कोणाचे घर न ठरवता चौक किंवा मंदिर ठरवावे, म्हणजे त्या घरात पाहुणे आले तरी गट मोडत नाही. कोणाची वाट पाच मिनिटांपेक्षा अधिक पाहू नये, आणि न आलेल्याला त्याच दिवशी एक फोन करावा, टोमणा न मारता. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीने चालावे. स्त्रियांच्या गटाला पहाटेच्या अंधारापेक्षा संध्याकाळच्या आरतीआधीची वेळ अधिक सोयीची पडते, असा माझा अनुभव आहे. घरच्यांनाही देवळात जाण्याची हरकत नसते. आणि फिरून झाल्यावर नाक्यावर वडापावला थांबायचे की नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे, कारण माझ्या माहितीतले दोन गट चालण्यासाठी सुरू झाले आणि आता केवळ वडापावसाठी जमतात.